कुंदाताईंनी जाईला पडू दिलं नाही

नमस्कार.

माझ्या हातात चार कागद आहेत आणि ते हलून राहिले आहेत. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. पंख्यामुळे नाही हलत. मी घाबरले आहे.

कुंदाताईंना जाऊन आज अकरा दिवस झाले. तुम्ही एवढे सगळे आलात. शाळेतल्या बाई आहेत, सर आहेत, ताईंच्या हाताखाली चित्रकला शिकलेली मुलं-मुली आहेत, जी आता स्वतःच आईबाप झाली आहेत. अकोल्याहून, तिवस्याहून वाचक आले आहेत. ताईंचे भाऊ अण्णा मला म्हणाले, "रेवती, तूच बोल. सगळ्यांत जवळ तूच बसायची तिच्या."

बसायचे, हे खरं आहे. इथून दोन गल्ल्या पलीकडे, ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर ताईंची खोली. खिडकीशी दोन टेबलं. एका टेबलावर ताई चित्रं काढायच्या. दुसऱ्यावर मी कॉम्प्युटरवर रंग भरायचे आणि फुग्यांमधले संवाद लिहायचे. खाली गणिताचे सर पोरांवर ओरडायचे आणि वर आम्ही प्रेमकथा काढायचो. सात वर्षं.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी 'भेटू ना' नावाची चित्रकथा सुरू केली. दर शुक्रवारी ती फोनवर यायची. जाई ही आपल्या अमरावतीत, राजापेठेत ट्यूशन घेणारी मुलगी. सुमित हा सेमाडोहला पर्यटकांना जंगल दाखवणारा गाइड. त्यांचं प्रेम, त्यांची भांडणं, त्याची नेहमी चुकणारी बस. लोकांना फार आवडायची.

आज मी त्या गोष्टीतल्या एकाच वळणाबद्दल बोलणार आहे. जाईला लग्नाआधी दिवस जातात. कुणी ठरवलेलं नसतं. त्या वळणावर ताईंनी खूप शिव्या खाल्ल्या. आणि मंडळी, त्याच वळणावर मी वाचले.

हे मी चारचौघांत कधी बोललेले नाही. माझे बाबा तिसऱ्या रांगेत बसले आहेत. सकाळी निघताना मी त्यांना विचारलं, "बाबा, बोलू का?" ते बराच वेळ चपलेचा पट्टा लावत बसले. मग म्हणाले, "भेत भेत बोलशीन त चालते. खोटं नोको बोलू."

तर बोलते.

ज्या कंपनीच्या ॲपवर आमची गोष्ट यायची, तिथून एक दिवस फोन आला. वाचक कमी होताहेत, म्हणाले, काहीतरी जोरदार आणा. जोरदार काय, तेही त्यांनीच सांगितलं. जाई गरोदर राहते. सुमित पळून जातो. दोन-तीन भाग ती रडते. मग एक दिवस पायऱ्यांवरून पडते आणि मूल जातं. सुमितला पश्चात्ताप होतो, तो हार घेऊन परत येतो, लग्न. सगळं साफ.

ताईंनी फोन ठेवला. मग कपाटातून एका मासिकाचा जुना अंक काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात त्यांचीच एक चित्रकथा होती, तरुणपणी काढलेली. शालू नावाची नायिका. तिलाही दिवस जातात. तीही पायऱ्यांवरून पडते.

मला म्हणाल्या, "हे मी केलं. काहून केलं, माहीत आहे? पुढचं लिहाचं मले भेव वाटलं. लेकरू आलं त वाचक काय म्हणतीन, शाळेत काय म्हणतीन, घरी काय म्हणतीन. त मी तिले ढकलून देल्लं. पेनानं."

मग त्यांनी अंकातून एक पत्र काढलं. आंतरदेशीय. त्यावर अकोल्याचा शिक्का होता. नाव नाही, पत्ता नाही. आत दोन-तीनच ओळी. 'तुमची शालू पडली आणि तिचं सगळं ठीक झालं. आमच्या घरालाही पायऱ्या आहेत. मी रोज वरच्या पायरीवर उभी राहून खाली बघते.'

ताई त्या पत्रासाठी तीनदा अकोल्याला गेल्या होत्या. पोस्टात विचारलं. कॉलेजांबाहेर उभ्या राहिल्या. नावच माहीत नाही तर विचारणार तरी काय? तिथल्या ओळखीच्या शिक्षिकांना सांगून ठेवलं. काहीच हाती लागलं नाही.

मी विचारलं, "ताई, ती वाचली का?"

"मले नाई माहीत," ताई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एक दिवस असा नाई का मी जिना उतरली अन् ती पोट्टी आठवली नाई."

मंडळी, ताई हे सांगत होत्या तेव्हा मला सहावा आठवडा होता. आणि ते मला तीन दिवसांपासून माहीत होतं.

तपासणीचं किट घ्यायला मी राजापेठेत गेले नव्हते. इथे औषधाच्या दुकानातले सगळे ओळखतात. मी बडनेऱ्याला गेले, तोंडाला स्कार्फ बांधून. आपल्याकडे गाडीवर सगळ्याच मुली स्कार्फ बांधतात. तरी मला वाटत होतं, लोकांना फक्त माझाच स्कार्फ दिसून राहिला आहे. ज्याला सांगायचं त्याला मी सांगितलं होतं. त्याच संध्याकाळपासून त्याचा फोन बंद होता. तिवस्याहून आईचा फोन आला की मी आधी दार लावून घ्यायचे. ती विचारायची, "जेवली काय वं?" आणि मला वाटायचं, हिला कळलं.

मी तेवीस वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी ताई कोऱ्या चौकटी आखून बसल्या. त्यांची एक सवय होती. नवा भाग सुरू करताना त्या मला विचारायच्या, आता ही काय करेल, तो काय करेल. तसंच विचारलं. "सांग बरं. जाईले आता कळलं. ती काय करीन?"

मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, "मरून जाईन ती."

मला वाटलं, मी सहज बोलले. मी रंग भरत राहिले. ताईंच्या पेनाचा आवाज थांबला. त्या उठल्या, आपली खुर्ची ओढत माझ्याजवळ आणली आणि बसल्या.

"हे जाई बोलली, का तू?"

मी रडले नाही. उठून मोरीकडे पळाले आणि ओकले. ताई मागे आल्या. त्यांनी माझे केस धरून ठेवले.

आता तुम्हाला वाटेल, ताई म्हणाल्या असतील, घाबरू नकोस, मी आहे. नाही. असं त्या नाही म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या, "थांब. मले पण भेव वाटून राहिलं. आधी पाणी पिऊ दोघी." आम्ही पाणी प्यायलो. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करणार आहेस काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

त्या दिवसापासून पुढचे पंधरा दिवस ताईंनी मला एकटं सोडलं नाही. मी त्यांच्याच घरी राहिले. जिना उतरताना त्या माझ्या एक पायरी पुढे असायच्या. कशासाठी, ते आम्ही कधी बोललो नाही.

त्यांनी मला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. आत यायला मात्र तयार झाल्या नाहीत. "आत तू जा. तुह्या पोटाबद्दल मी काय बोलू?" डॉक्टरबाईंनी मला दोन्ही रस्ते नीट समजावून सांगितले. मूल ठेवायचं तर काय, नाही ठेवायचं तर काय. आवाज न चढवता. माझ्याशी कुणी तसं बोलू शकतं, हेच मला माहीत नव्हतं.

घरी सांगायचं की नाही, हेही ताईंनी माझ्यावर सोडलं. मीच म्हटलं, सांगते. पण तुम्ही चला.

अमरावती ते तिवसा, बसनं जास्त वेळ लागत नाही. त्या दिवशी तो रस्ता संपू नये असं मला वाटत होतं. ताई खिडकीशी बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी विचारलं, "ताई, भेव वाटते काय?" त्या म्हणाल्या, "तुह्या बापाले मी वळखत नाई. वाटनारच."

बाबा संत्र्याच्या बागेतून आले. हातपाय धुवायच्या आधीच ताईंना बघून थबकले. आईनं चहा टाकला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. एकाच वाक्यात. दुसरं वाक्य माझ्याजवळ नव्हतं.

बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "कोणाकोणाले माहीत आहे?"

बाबा, रागावू नका. खरं सांगायचं ठरलं आहे.

मग ते ताईंकडे वळले. "तुमी मास्तरीण. तुमी असल्या गोष्टी काढता, पोरींच्या डोक्यात भरवता. म्हणून हे झालं."

मला वाटलं, ताई भांडतील. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, एखाद्या वेळी माही गोष्ट चुकली असंन. चुकली होती एकदा. ते मले झोपेत पण आठवते. पन आज तुमची लेक आपल्या पायानं चालत घरी आली. तिनं स्वतः सांगतलं. तुमी भेले, ती भेली, मी पण भेत भेत आली. आता सगळेच भेलो आहोत, त बसून बोलू."

आई उठली, माझ्याजवळ आली आणि ताप बघावा तसा माझ्या कपाळाला हात लावला. बाकी काही नाही. हात लावून तशीच उभी राहिली.

बाबा बागेत निघून गेले. दोन तास आले नाहीत. ते दोन तास मी सांगू शकत नाही. मागच्या दारातून विहीर दिसते आणि आई, मी, ताई, तिघी विहिरीकडे बघत होतो. कुणासाठी भीती वाटत होती, तेही कळत नव्हतं. शेवटी बाबा आले. खाटेवर बसले. मान खाली घालून मला विचारलं, "तुले काय पाहिजे?"

तेवीस वर्षांत बाबांनी मला हे पहिल्यांदा विचारलं.

मी ते मूल ठेवलं नाही.

हे वाक्य मी काल चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. आता बोलून झालं.

दवाखान्यात बाबा आले होते. आई आली होती. आणि तोही आला. फोन बंद करून बसलेला तो. आज त्याचा संसार आहे, म्हणून त्याचं नाव घेत नाही. तो का आला, ते सांगते, कारण त्यात ताईंचा हात आहे.

ताईंनी मला आधीच सांगितलं होतं, "तुही गोष्ट मी घेणार नाई. जाईचं जाई करीन." आणि त्यांनी कंपनीनं सांगितलेलं काहीच केलं नाही. जाईला रडवलं नाही. एक पूर्ण भाग असा काढला की जाई आईला पाच वेळा फोन लावते आणि पाचही वेळा वेगळंच काहीतरी विचारते. भाजी काय केली. पाणी आलं का. प्रत्येक चौकटीत तिच्या डोक्यावर एक फुगा होता आणि तो ताईंनी मला कोरा ठेवायला सांगितला. "तिले बोलता येत नाई ना? मंग अक्षर कुठून येईन?"

आणि सुमित. सेमाडोहला सगळीकडे रेंज नसते, एका सागाच्या झाडाखाली येते. ताईंनी नऊ चौकटी काढल्या. नऊही चौकटींत सुमित त्या झाडाखाली फोन हातात घेऊन उभा आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तो फोन लावत नाही. एवढंच.

वाचक चिडले. हा कसला हिरो, म्हणाले. काही म्हणाले, मारून टाका त्याला. ताई मला म्हणाल्या, "पळालेल्याले मारून टाकनं सोपं आहे. लगेच माफ करनं त्याहून सोपं. त्याले वापस आनून दवाखान्याच्या बाकावर बसवनं कठीन." आणि त्यांनी बसवलं. सुमित येतो, हार घेऊन नाही, रिकाम्या हातांनी येतो. म्हणतो, "मी भेलो होतो." जाई म्हणते, "मी पण. बस तिथं." त्यानं लग्नाचं काढलं की म्हणते, "आधी बस. मग पाहू." आजूबाजूच्या बाया त्याच्याकडे बघतात आणि तो बसून राहतो. मला वाटतं, सुमित त्या बाकावर मोठा झाला.

ती नऊ चित्रं त्यानंही पाहिली, ज्याचा फोन बंद होता. म्हणून तो आला. बाकावर बसला. आमचं लग्न झालं नाही, ते आम्हाला दोघांनाही नको होतं. पण तो बसला होता, हे मला सांगायलाच हवं.

गोष्टीतल्या जाईनं मूल ठेवलं. तिला मुलगी झाली. आणि इथून माझी दुसरी भीती सुरू झाली. वाचक लिहू लागले, जाई खरी आई, जाई खरी बाई. त्या पानांना मीच रंग देत होते. एक दिवस जाईच्या मांडीवरच्या बाळाचं झबलं रंगवताना माझा हात पुढे जाईना. ताईंनी ते पाहिलं.

पुढच्या शुक्रवारच्या भागात मीना आली. जाईची मैत्रीण. तिच्यावरही तीच वेळ आलेली असते आणि तिनं दुसरा निर्णय घेतलेला असतो. ताईंनी मीनाला आजारी पाडलं नाही. वेडं केलं नाही. देवळात नेऊन रडवलं नाही. मीना चार दिवस झोपते, पाचव्या दिवशी उठून आपल्या कामाला जाते. जाईच्या बाळाला खेळवते. कधी खेळवता खेळवता गप्प होते आणि जाई तिला का म्हणून विचारत नाही.

कंपनी म्हणाली, मीना काढा. घाण घाण निरोप येऊ लागले. एका माणसानं फोन करून ताईंना विचारलं, "राजापेठेत राहता ना तुमी? वरच्या मजल्यावर?" त्यानंतर महिनाभर आम्ही ती खिडकी उघडली नाही. जिन्यावर कुणाचा पाय वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. खाली क्लासची पोरं असायची, पण आम्हाला काय माहीत?

मी म्हटलं, "ताई, काढून टाका मीनाले. कशाला?"

ताई म्हणाल्या, "भेव मले बी लागते. पन मीनाले काढली, त तू कुठं जाशीन?"

मीना राहिली. कंपनीनं गोष्ट बंद केली. ताईंनी ती दुसरीकडे पुन्हा सुरू केली, निम्म्या वाचकांसह.

मी एकदा ताईंना विचारलं होतं, प्रेमकथांमध्ये हे वळण एवढं का येतं? त्या म्हणाल्या, "हिरोइनीले शहानी कराची असली का लोक तिच्या पोटात लेकरू टाकते. लेकरू काय शिकवाले येते काय? मानूस मोठं होते ते भेव मोठ्यानं बोलल्यानं. लेकरू येवो, नाई तर न येवो."

आता शेवटचं सांगते.

दोन महिन्यांनी माझं लग्न आहे. मनोजला मी सगळं आधीच सांगितलेलं आहे. त्याच्या आईला नव्हतं सांगितलं. ताई दवाखान्यात होत्या, त्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "त्याच्या मायले सांगतलं?" मी नाही म्हटलं. ताईंना बोलायला त्रास होत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "सांग असं मी म्हनत नाई. तुह्या जिवाले विचार."

काल संध्याकाळी मी मनोजच्या आईकडे गेले आणि सांगितलं. आज इथे काय बोलणार आहे, तेही सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. मी थोडा वेळ बसले आणि निघून आले.

आज त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या आहेत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसल्या आहेत. त्या आल्या याचा अर्थ काय, मला माहीत नाही. उठून गेलेल्या नाहीत, एवढं इथून दिसतं आहे. मी बोलत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे एकदाच बघितलं. पुन्हा बघायची हिंमत झाली नाही.

ताई, तुम्ही असत्या तर मी आत्ता खाली येऊन तुमच्या शेजारी बसले असते. तुम्ही नाही. मी उभी आहे.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहू या. ताईंसाठी थोडा वेळ कुणीच काही बोलू नका. मीही बोलणार नाही.

ताई, नमस्कार करते.